मेंढ्यांच्या जत्रेतली शिकवणी

परदेशात नोकरी करून परतलेल्या डॉक्टरने स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हणजे तेथील रुग्णालये, यंत्रे, शिस्त आणि थंडी यांविषयी लिहावे, अशी आपल्याकडे रूढी आहे. ती मोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु वेल्समध्ये काढलेल्या सात वर्षांकडे वळून पाहताना मला यंत्रांपेक्षा एक मेंढवाडाच अधिक स्पष्ट आठवतो. त्या मेंढवाड्यात, पन्नाशीला टेकलेला असताना, मी एक नवी भाषा बोलू लागलो. ती भाषा मला का शिकावीशी वाटली आणि वर्गात न येणारी ती भाषा मेंढ्यांच्या गर्दीत कशी आली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

इंदूरची प्रॅक्टिस आवरून २००३ साली मी पश्चिम वेल्समधील एका जिल्हा रुग्णालयात, वृद्ध रुग्णांच्या विभागात रुजू झालो. भारतीय डॉक्टर तेथे कोणाला नवा नव्हता. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली सुरू करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावचे. त्याच सेवेच्या आधारावर पुढच्या दशकांत आपल्याकडील कितीतरी डॉक्टरांनी दक्षिण वेल्सच्या खाणखोऱ्यांत दवाखाने चालविले. त्यामुळे माझे स्वागत अगत्याने झाले. रुग्णांशी इंग्रजीत बोलावे, इंग्रजीत लिहावे, असा क्रम चालू होता. या प्रदेशाला स्वतःची भाषा आहे हे रस्त्यांवरील दुहेरी पाट्यांवरून कळत होते. पण पाटी वाचून पुढे जावे, यापलीकडे त्या भाषेशी माझा संबंध नव्हता.

जानेवारी २००५ मध्ये एक्याऐंशी वर्षांचे एक शेतकरी पक्षाघाताने आमच्याकडे दाखल झाले. मेंदूच्या डाव्या अर्धगोलात इजा, उजवी बाजू लुळी. वाचा पूर्ण गेली नव्हती. पण इंग्रजी प्रश्नांना ते उत्तर देत नसत. दिवसरात्र एकच काहीतरी पुटपुटत आणि पलंगावरून उतरण्याची धडपड करीत. माझ्या मराठी कानाला ते ‘देव वाईट, देव वाईट’ असे ऐकू येई. मी कागदावर ‘असंबद्ध बडबड, अस्वस्थता’ अशी नोंद केली आणि रात्रीसाठी गुंगीचे औषध लिहून दिले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात फरशी पुसणाऱ्या बाई हातातला मॉप भिंतीला टेकवून माझ्यापाशी आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, ते बडबडत नाहीत. मेंढ्या रस्त्यावर आल्या आहेत, असं ते सांगताहेत.” वेल्श भाषेत मेंढ्यांना ‘देवाइद’ म्हणतात. फाटक लावायला म्हणून ते बाहेर पडले आणि तेथेच कोसळले होते. फाटक उघडेच राहिले. शेजाऱ्यांनी त्याच संध्याकाळी सगळा कळप आत घेतला होता. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. ज्याच्या मेंढ्या त्यालाच ती त्याच्या भाषेत कोणी सांगितली नव्हती. बाई त्यांच्या उशाशी बसल्या आणि हळू आवाजात चार शब्द बोलल्या. वृद्धाने डोळे मिटले. त्या रात्री गुंगीचे औषध द्यावे लागले नाही.

दोन भाषा बोलणाऱ्याला पक्षाघात झाला तर कोणती भाषा टिकते, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. आधी शिकलेले शेवटपर्यंत टिकते, असे फ्रान्समधील रिबो यांनी १८८१ मध्ये मांडले. रोजच्या वापरातली भाषा आधी परतते, असे पित्र यांनी १८९५ मध्ये लिहिले. बहुतेक रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, पण काहींत एकच उरते. स्मृतिभ्रंशातही पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी विरते. हे सारे मला परीक्षेपुरते पाठ होते. तरीही समोरच्या माणसाची उरलेली भाषा मी बडबड म्हणून लिहिली. यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. ते गृहस्थ नवव्या दिवशी वारले. तोवर मला त्यांच्या भाषेतला ‘मेंढ्या’ हा एक शब्द येत होता.

फेब्रुवारीत मी वेल्श शिकायला नाव घातले. चॅपेलच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दोन तास वर्ग भरे. इस्रायलमध्ये नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकविण्यासाठी ‘उल्पान’ नावाची पद्धत निघाली. तीच वेल्समध्ये ‘वुल्पान’ या नावाने रुजली आहे. व्याकरण कमी, बोलणे अधिक. माझ्याबरोबर एक टपालवाला, दोन शिक्षिका आणि नातवंडांशी बोलता यावे म्हणून आलेले एक इंग्रज आजोबा होते.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही, हे मला हळूहळू कळू लागले. नावाला ‘एनू’, तीनला ‘त्री’, नवाला ‘नाउ’. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते १७८६ साली कलकत्त्यात ठामपणे मांडणारे आणि त्याच कुळात केल्टिक भाषाही असाव्यात असे सुचविणारे सर विल्यम जोन्स यांचे वडील वेल्समधल्याच अँगलसी बेटावरचे, हा योगायोग मला मोठा गोड वाटला. वेल्शमध्ये ‘ती’ आणि ‘खी’ असा भेद आहे. आपला ‘तू’ आणि ‘तुम्ही’च तो. ‘होय’ला सगळीकडे चालेल असा एकच शब्द नाही, ‘आहे का?’ला ‘आहे’, असे क्रियापदानेच उत्तर द्यायचे. इंग्रज सहाध्यायी सर्वांत हैराण होत ते शब्दांचा आरंभ बदलतो म्हणून. वेल्सला ‘कम्री’ म्हणतात. ‘वेल्सला’ म्हणायचे तर ‘गम्री’ होते आणि ‘वेल्समध्ये’ म्हणायचे तर ‘ङ्हम्री’. आपल्याकडे ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. शेपटीऐवजी डोके बदलते, एवढाच फरक. शिवाय ‘क’चा ‘ग’ होणे हे ‘वाक्’ आणि ‘ईश’ यांचे ‘वागीश’ होण्यासारखे, आणि ‘क’चा ‘ङ’ होणे हे ‘वाङ्मया’सारखे. शाळेत संधी घोकवून घेणाऱ्या आमच्या पंडित गुरुजींचे मी त्या थंड खोलीत बसून मनोमन आभार मानले.

वर्ष उलटले. वर्गात मी बरा होतो. वर्गाबाहेर मात्र मुका. दुकानात मी वेल्शमध्ये सुरुवात करी, दुसऱ्या वाक्याला अडखळे, आणि समोरचा माणूस लगेच इंग्रजीत बोलू लागे. त्यात तुच्छता नव्हती. उलट ती त्यांची सभ्यता होती. परक्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपली भाषा खिशात घालून ठेवायची, ही सवय या लोकांच्या हाडीमाशी मुरली आहे. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. १८४७ च्या सरकारी अहवालाने तर ही भाषा म्हणजे प्रगतीच्या वाटेतली धोंड ठरविली होती. इतक्या पिढ्या ज्यांनी असे ऐकले, ते परक्यासमोर चटकन भाषा बदलतात यात नवल नाही. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सभ्यता म्हणजे तोंडावर लावलेले दारच.

आमच्या शिक्षिकेला मी ही तक्रार सांगितली. त्या म्हणाल्या, “जुलैत ल्हानेल्वेदला जा. मेंढ्यांच्या छपरीत जाऊन उभे राहा. तिथे सभ्य व्हायला कोणाला वेळ नसतो.” आणि ‘दस्गुर’ असे लिहिलेला एक बिल्ला त्यांनी माझ्या हाती ठेवला. दस्गुर म्हणजे शिकाऊ.

ल्हानेल्वेद हे गाव मध्य वेल्समध्ये, बिल्थ वेल्स या छोट्या नगराच्या पलीकडे, वाय नदीच्या काठी आहे. त्या नावातला पहिला उच्चार ‘ल’साठी जीभ लावून नुसता वारा सोडल्यावर होतो, आपल्या ‘कोल्ह्या’तला ‘ल्ह’ त्याच्या जवळचा, पण तो नव्हे. दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात सोमवार ते गुरुवार असे चार दिवस येथे ‘रॉयल वेल्श शो’ हे राष्ट्रीय कृषिप्रदर्शन भरते. ते भरविणारी संस्था १९०४ साली स्थापन झाली आणि पहिले प्रदर्शन त्याच वर्षी अबरिस्टविथला झाले. पुढे पालखीप्रमाणे ते गावोगाव फिरत असे. १९६३ पासून ते ल्हानेल्वेदला कायमचे मुक्कामाला आले. चार दिवसांत दोन लाखांहून अधिक माणसे येतात. त्या काळात वेल्समधील शेतकऱ्याच्या घरी लग्नकार्य सहसा काढीत नाहीत, असे मला एकाने सांगितले. खरे-खोटे देव जाणे, पण गर्दी पाहून मला ते पटले.

२००६ च्या जुलैत मंगळवारी पहाटे मी आणि आमची सौ. मोटारीने निघालो. रस्त्यावर जागोजागी डांबरावर पांढऱ्या अक्षरांत ‘आराव’ हा शब्द रंगविलेला असतो. त्याचा अर्थ ‘हळू’. मला वेल्शमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडलेला शब्द मी असा रस्त्यावरून उचलला. “आराव, ओस ग्वेलुख अन दा” म्हणजे “हळू, कृपा करून”. या ‘कृपा करून’चा शब्दशः अर्थ होतो ‘आपल्याला बरे दिसत असेल तर’.

आत शिरताच प्रथम मला डॉक्टरांचे अधिवेशन भरल्याचा भास झाला. जिकडे पाहावे तिकडे पांढरे कोट! जनावर घेऊन रिंगणात उतरणाऱ्याने पांढरा कोट घालायचा, असा येथील शिरस्ता आहे. दहा वर्षांची मुलेही गुडघ्यापर्यंत कोट घालून मेंढा ओढीत चाललेली. मेंढ्यांच्या लांबच लांब छपऱ्या होत्या. त्यांत कप्पे, प्रत्येक कप्प्यात पेंढा, आणि धुऊन, विंचरून, पाठ कातरून सपाट केलेल्या मेंढ्या. जातींची नावे म्हणजे शब्दकोशच. पोट काळे ती ‘तोरदी’, पोट पांढरे ती ‘तोरवेन’, कपाळावर पांढरा पट्टा असलेली ‘बालवेन’. तीन नावे वाचली आणि काळा, पांढरा, पोट हे शब्द पुन्हा कधी विसरलो नाही. परीक्षक आले की ओठ वर करून दात पाहात, पाठीवरून दोन्ही हात फिरवून मांस चाचपीत, पाय तपासीत, मग मागे सरून चाल पाहात. दर्शन, स्पर्शन, क्रम सारे यथास्थित. आपल्या विद्यार्थ्यांना रुग्णतपासणीचा हा धडा त्या छपरीत देता आला असता.

एका कप्प्याशी एक आजीबाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. शेजारी बारा वर्षांचा नातू पांढऱ्या कोटात मेंढीला ब्रश करीत होता. कप्प्यावरच्या पाटीवर ‘मेंढी आणि कोकरू’ असे लिहिले होते. पण कोकरू दिसेना. माझे वाक्य तयार झाले. कोकराला ‘ओइन’ म्हणतात. ‘कोकरू कोठे आहे?’ म्हणजे “ब्ले माइर ओइन?” परंतु दीड वर्ष मी वर्गात एकच प्रश्न घोकला होता. डॉक्टरला लागणारा पहिला प्रश्न. दुखण्याला ‘पोइन’ म्हणतात आणि वाक्यात त्याचे ‘बोइन’ होते. सवयीने तोंडातून तेच निघाले. “ब्ले माइर बोइन?” म्हणजे “कोठे दुखते आहे?”

आजीबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले, बिल्ला वाचला आणि अत्यंत गंभीरपणे उत्तर दिले, “गुडघ्यात.”

नातू ब्रश टाकून हसू लागला. मला चूक उमगली आणि मीही हसलो. आजीबाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्यांचा गुडघा खरोखरच दुखत होता. किती वर्षांपासून, चढताना की उतरताना, रात्री की दिवसा, हे सारे त्या सांगत गेल्या. मला निम्मे समजले. मी “आराव” म्हणालो. त्यांनी तेच हळू सांगितले. तरी समजले नाही, तेव्हा त्या उठल्या, मेंढीपाशी गेल्या आणि तिच्या अंगावर हात ठेवून एकेक शब्द उच्चारू लागल्या. पाय, ‘कोइस’. पाठ, ‘केव्न’. डोळा, ‘ल्हगाद’. कान, ‘क्लिस्त’. मी म्हणून दाखवावे, नातवाने दुरुस्त करावे. गुडघ्याला ‘पेन-ग्लीन’ म्हणतात, पण ‘माझ्या गुडघ्यात’ म्हणताना ‘प’चा ‘म्ह’ होतो, हा वर्गात कधीही न जमलेला नियम तेव्हा पक्का झाला. कारण आता तो नियम राहिला नव्हता, तो त्या आजीबाईंचा गुडघा होता.

पाऊण तास आम्ही बोललो. त्या अवधीत त्या एकदाही इंग्रजीकडे वळल्या नाहीत. इंग्रजी त्यांना उत्तम येत होती. मधूनच आलेल्या एका गिऱ्हाइकाशी त्या ती सफाईने बोलल्या. माझ्याकडे वळल्या की पुन्हा वेल्श. मी शब्द शोधीत असताना त्या गप्प राहात. माझ्या अडखळण्याची त्यांना घाई नव्हती आणि कीवही नव्हती. भाषा शिकणाऱ्याला यापेक्षा मोठे दान कोणी देऊ शकत नाही.

“तुमच्या देशात मेंढ्या आहेत का?” त्यांनी विचारले. आता धनगर, वाघूर, कळपामागची भटकंती हे सारे माझ्या दोनशे शब्दांत कसे बसावे? मग इंदूरचे होळकर आठवले. सुभेदार मल्हारराव धनगराच्या घरात जन्मले आणि लहानपणी त्यांनी मेंढ्या राखल्या, असे आपण ऐकत आलो आहोत. सुभेदाराला वेल्श शब्द कोठून आणू? मी म्हणालो, “बिगाइल ओइद एन ब्रेनिन नी.” आमचा राजा मेंढपाळ होता. आजीबाईंनी नातवाकडे पाहून म्हटले, “ऐकलंस? बघ, अजून आशा आहे!” पोरगा लाजला आणि त्याने ब्रश पुन्हा उचलला. तेवढ्यात मागच्या पेंढ्यातून कोकरूही उठून आले.

दुपारी मोठ्या रिंगणात वेल्श कॉब जातीचे घोडे आले. घोडा पाय उचलून दुडक्या चालीने झेपावतो आणि लगाम धरलेला माणूस त्याच्या बरोबरीने धावतो. माणूस थकतो की घोडा, यावर प्रेक्षक जिवाच्या आकांताने ओरडत असतात. मी त्या आरड्याओरड्यातले क्रियापद ओळखण्याचा यत्न करीत होतो. लोकर कातरण्याच्या मांडवात एक म्हातारा जुन्या पद्धतीने आकडे मोजत होता. सोळाला ‘पंधरावर एक’, अठराला ‘दोन नऊ’, ऐंशीला ‘चार विसा’. माझ्या आजोबांचा गडी आंबे मोजताना ‘चार विसा’च म्हणत असे. खाद्यपदार्थांच्या दालनात सौ.ने ‘बारा ब्रीथ’ नावाचा सुक्या मेव्याचा पाव घेतला. ‘बारा’ म्हणजे पाव, हे कळल्यावर तिने मला आणखी एक ‘बारा’ आणायला पाठविले. तेथेच दुधावरून दोन विक्रेत्यांची गमतीची बाचाबाची ऐकली. दक्षिणेकडचा दुधाला ‘ल्हाइथ’ म्हणत होता, उत्तरेकडचा ‘ल्हेव्रिथ’. आणि दोघांनाही दुसऱ्याचा शब्द ऐकून हसू येत होते. आमच्या इंदुरी मराठीला पुण्यात जे हसू मिळते, ते हेच.

परतताना विचार आला, वर्गात जे घडले नाही ते येथे का घडावे? वर्गात भाषा हाच विषय असतो. छपरीत विषय होता मेंढी, गुडघा, दुधाचा भाव. भाषा ही फक्त त्याची दोरी. वेल्समधील एकूण लोकांत वेल्श बोलणारे पाचांत एकाहूनही कमी. पण शेतीत राबणाऱ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा चाळीसहून अधिक आहे. मेंढीला हाक मारायची, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडायचे, पावसाला शिव्या द्यायच्या, ही रोजची कामे त्या भाषेला तेथे आहेत. ज्या भाषेला काम असते, ती मरत नाही.

त्या हिवाळ्यात वॉर्डात स्मृतिभ्रंशाच्या एक वृद्ध बाई आल्या. परिचारिका म्हणाल्या, त्या कोणालाही अंगाला हात लावू देत नाहीत. मी पलंगाशी खाली वाकून विचारले, “ब्ले माइर बोइन?” या खेपेस प्रश्न योग्य जागी होता. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “केव्न.” पाठ. क्ष-किरण चित्रात मणक्याचा अस्थिभंग निघाला. आदल्या आठवड्यात त्यांना केवळ चिडखोर समजून परत पाठविता आले असते. माझी वेल्श त्यापुढे फारशी गेली नाही. औषधे आणि शस्त्रक्रिया समजावताना मला अखेरपर्यंत दुभाष्या लागला. पण पहिला प्रश्न आणि त्याचे पहिले उत्तर यांच्यासाठी मला कोणाची वाट पाहावी लागली नाही. दरवर्षी जुलैत मी ल्हानेल्वेदला जात राहिलो आणि २०१० मध्ये इंदूरला परतलो.

आमची कन्या आता कार्डिफला असते. २०२४ च्या जुलैत तिच्याकडे गेलो असता पुन्हा प्रदर्शनाला गेलो. मधल्या काळात २०१२ साली तेथील सरकारने आरोग्यसेवेत रुग्णाने न मागताही वेल्शमध्ये सेवा देऊ करावी, असे धोरण आखले आहे. २०५० पर्यंत वेल्श बोलणारे दहा लाख व्हावेत, असा संकल्पही २०१७ मध्ये सोडला आहे. आकडे मात्र उलटे चालले आहेत. २०११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५,६२,००० होते, म्हणजे शेकडा १९. २०२१ मध्ये ते ५,३८,३०० झाले, शेकडा १७.८. त्याच छपरीत मी तो कप्पा शोधून काढला. पांढऱ्या कोटातला तो पोरगा आता तिशीचा गृहस्थ झाला होता. आठवण दिल्यावर तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “पेन-ग्लीन?” आजीबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, असे त्याने सांगितले. माझी गंजलेली वेल्श त्याने आजीप्रमाणेच शांतपणे ऐकून घेतली. त्याच्या पायाशी चार वर्षांची मुलगी पेंढ्यात खेळत होती. तिच्याशी तो जे बोलत होता ते मला बहुतेक समजले.

हे सारे आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आता सांगतो. होळकरांच्या मागे मराठी माणूस इंदुरात आला, त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला आपण निष्ठेने चालवितो. पण माझ्याच घरी पाहतो, नऊ वर्षांचा नातू मराठीत वाक्य सुरू करतो, मध्ये अडखळतो आणि आम्ही सारे तत्काळ हिंदीत उत्तर देतो. त्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून! वेल्समधील दुकानदार माझ्याशी जसे वागत, तसेच मी माझ्या नातवाशी वागत आलो. मराठीसाठी आपण सभागृह राखून ठेवले आहे. रोजचे काम मात्र तिच्याकडून काढून घेतले आहे. आणि दवाखान्यात माळव्यातला किंवा निमाडातला एखादा वृद्ध शेतकरी त्याच्या बोलीत काही सांगू लागला की ‘मुद्द्याचं बोला’ म्हणणारे आपणही आहोतच. त्याच्याही मेंढ्या कदाचित रस्त्यावर आलेल्या असतील.

परवा नातू माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “आजोबा, माझा पोट दुखतो.” सून आतून हिंदीत काही विचारणार होती, तिला मी हाताने थांबविले. ‘माझं पोट दुखतं’ हे नंतर सांगता आले असते. मी विचारले, “कुठे दुखतं रे?” तो शब्द शोधू लागला. मी थांबलो. बेंबीवर बोट ठेवून, बऱ्याच वेळाने, तो म्हणाला, “इथे. जरासं.”